मराठी ४० पास, तरी मोबाईलवर हात का अडतो?

प्रश्न थोडक्यात असा. चादर-टॉवेलच्या एका होलसेल दुकानात ऑर्डरी घेण्याचं काम करणाऱ्या ताईंनी विचारलंय: संगणकावर मराठी ४० ची, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांची, टायपिंग परीक्षा पास आहे, तिथे बटणांकडे न बघता हात चालतो. पण आता ऑर्डरी सगळ्या व्हॉट्सॲपवर येतात आणि मोबाईलवर दोन ओळी लिहायच्या म्हटलं की जीव मेटाकुटीला येतो. समोरचा व्यापारी ‘रेट सांगा की ओ’ म्हणून तीनदा विचारून मोकळा होतो, तोवर इकडे पहिली ओळच चाललेली असते. घरात आठवीतला भाचा दोन अंगठ्यांनी धडाधड लिहितो. तर वेग वाढवायला कुठलं ॲप घ्यावं आणि सराव किती करावा?

मी सोलापुरात टायपिंग शिकवते. यंत्रावरच्या टायपिंगपासून संगणकापर्यंतचा सगळा बदल वर्गात बसून पाहिलाय, आणि हल्ली मोबाईलचा तास वेगळा ठेवावा लागतो. तुमची तक्रार घेऊन येणाऱ्यांत परीक्षा पास झालेलेच जास्त असतात; कधीच टायपिंग न शिकलेले कमी. हे उलटं वाटेल, पण त्याला कारण आहे आणि उत्तर तिथूनच सुरू करावं लागेल. ॲपचं नंतर बघू.

तुम्ही बहुधा रेमिंग्टन मांडणीवर शिकलात. ती मांडणी टाइपरायटरच्या काळातली. यंत्राला भाषा कळत नव्हती, त्याला फक्त कागदावर खुणा उमटवायच्या होत्या. म्हणून डोळ्याला जे आधी दिसतं ते आधी दाबायचं. ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी आधी, मग ‘क’. ‘पार्सल’ लिहिताना ‘पास’पर्यंत यायचं आणि मग ‘स’च्या डोक्यावर रफार ठेवायचा. ‘श’, ‘ण’ ही अक्षरंसुद्धा अर्धं अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत पुरी व्हायची. तुमच्या हाताला हे सगळं इतकं पाठ आहे की तुम्ही विचारही करत नाही.

मोबाईलवरचं मराठी चालतं युनिकोडवर, म्हणजे अक्षरं साठवायच्या सगळीकडे चालणाऱ्या एकाच पद्धतीवर, आणि युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात. तिथे ‘कि’ म्हणजे आधी ‘क’, मग वेलांटी. ‘पार्सल’ म्हणजे प, काना, र, पाय मोडायची खूण, स, ल. रफाराचं वेगळं बटण शोधत बसलात तर ते बहुतेक मोबाईल कीबोर्डांवर सापडायचंच नाही. ‘र’ लिहायचा, त्याचा पाय मोडायचा, पुढचं अक्षर द्यायचं, की रफार आपला आपण वर जाऊन बसतो. ‘ट्रक’मध्ये याच्या उलट: ट, पाय मोडायची खूण, मग र. आणि ‘व्यापाऱ्याला’, ‘दुसऱ्या’, ‘गिऱ्हाईक’ यांतला तो आडवा र हवा असेल तर साधा ‘र’ चालत नाही, ‘व्यापार्याला’ असं काहीतरी उमटतं. बहुतेक मराठी कीबोर्डांवर ‘र’ दाबून धरला की खाली टिंब असलेला ‘ऱ’ मिळतो. त्याचा पाय मोडला आणि पुढे ‘य’ किंवा ‘ह’ दिला की काम होतं. एवढी एक गोष्ट न कळल्याने लोक ‘व्यापारी ला’ असं तोडून लिहिताना मी पाहिलेत.

म्हणजे तुमचा हात दिसण्याच्या क्रमाने जायला बघतो आणि मोबाईल बोलण्याचा क्रम मागतो. दर वेलांटीला आणि दर रफाराला तुम्ही क्षणभर थांबता, कधी चुकता, मागे येता. तुमच्या धंद्याचे शब्द बघा: ऑर्डर, पार्सल, चार्ज, मार्केट यार्ड, कर्नाटक. सगळ्यांत रफार. किती, बिल, बिल्टी, डिझाईन, शिल्लक, मिळेल. सगळ्यांत पहिली वेलांटी. अडखळायची सोय धंद्यानेच करून ठेवलीय. तुमच्या भाच्याच्या बोटांना रेमिंग्टनची सवयच नाही, त्यामुळे विसरायलाही काही नाही.

हे सुटायला वेगाचा सराव उपयोगी पडत नाही, उलट हळूहळू लिहावं लागतं. वर दिलेले दहा-बारा शब्द घ्या, प्रत्येक शब्द आधी तोंडाने फोडून म्हणा आणि त्याच क्रमाने दाबा: ‘ब, वेलांटी, ल, पाय मोड, ट, दुसरी वेलांटी’. दुकानात गिऱ्हाईक नसताना दहा मिनिटं पुरे. सुरुवातीचे काही दिवस तुमचा वेग आत्ता आहे त्याहूनही कमी होईल. होऊ द्या. आणि संगणकावरचा हात यामुळे बिघडेल का, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. बिघडत नाही. दहा बोटांची सवय आणि दोन अंगठ्यांची सवय हाताच्या लेखी वेगवेगळ्या राहतात.

आता भाच्याशी तुलना. २०१९ मध्ये फिनलंडचं आल्टो विद्यापीठ, केंब्रिज विद्यापीठ आणि झुरिकचं ईटीएच विद्यापीठ इथल्या संशोधकांनी ३७ हजार लोकांचं मोबाईलवरचं टायपिंग तपासलं. सरासरी वेग निघाला मिनिटाला सुमारे ३६ शब्द. दोन्ही अंगठे वापरणाऱ्यांचा सुमारे ३८. दहा ते एकोणीस वयाची मुलं आपल्या आईबापांच्या पिढीपेक्षा मिनिटाला साधारण १० शब्दांनी पुढे होती. तेव्हा भाचा पुढे असणारच, त्याचं मनाला लावून घेऊ नका. पण हे आकडे इंग्रजीचे आहेत, आणि टायपिंगच्या हिशेबात इंग्रजी शब्द म्हणजे रिकाम्या जागेसकट पाच ठोके धरतात. आपला ‘गिऱ्हाईकांकडून’ हा एकच शब्द मोजा: १४ खुणा आहेत त्यात. मराठीत विभक्ती शब्दाला चिकटते, त्यामुळे शब्द लांबतात आणि ‘मिनिटाला इतके शब्द’ ही मापपट्टी इंग्रजीशी लावून बघण्यात अर्थ नाही. स्वतःचा कालचा मेसेज आणि आजचा मेसेज, एवढीच तुलना करा.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते. चूक आपोआप दुरुस्त होण्याची सोय चालू ठेवणारे लोक जास्त वेगाने लिहीत होते; पण कीबोर्डच्या वर सुचवलेले शब्द वाचून, निवडून, त्यावर टिचकी मारणाऱ्यांना त्या सोयीचा वेगात फायदा दिसला नाही. कारण साधं आहे. सुचवलेला शब्द वाचायला नजर वर न्यावी लागते, तीन शब्दांतला आपला कुठला ते ठरवावं लागतं, तेवढ्यात उरलेली अक्षरं लिहून झाली असती.

मराठीत यात आणखी एक भानगड आहे. तुम्ही ‘चाद’ लिहिलंत, वर ‘चादर’ आलं, तुम्ही दाबलंत. कीबोर्डने ‘चादर’ लिहून पुढे जागा सोडली. पण तुम्हाला हवं होतं ‘चादरींचा’. आता ती जागा पुसा, मग वेलांटी, अनुस्वार, चा. वाचवलं किती आणि घालवलं किती? म्हणून माझा नियम असा: लांबलचक आणि विभक्ती न लागणारा शब्द असेल, किंवा विभक्तीसकट पूर्ण रूपच वर दिसत असेल, तरच दाबायचा. ‘ट्रान्सपोर्टमधून’ आख्खं आलं तर जरूर घ्या. ‘ट्रान्सपोर्ट’ आलं आणि पुढे ‘वाल्याकडे’ लावायचं असेल तर सोडून द्या.

वेळ खाणारी खरी जागा म्हणजे मागे येणं, खोडणं. देवनागरीत त्याची किंमत इंग्रजीपेक्षा जास्त पडते. ‘ट्रान्सपोर्ट’ दिसायला चार ठोकळे आहेत: ट्रा, न्स, पो, र्ट. आतून खुणा १२. खोडायचं बटण बहुतेक ठिकाणी एकेक खूण खोडतं, त्यामुळे ‘र्ट’ काढायचा म्हटलं तर तीनदा दाबावं लागतं, आणि मध्येच अर्धवट ‘पोर्’ असं विचित्र रूप दिसलं की माणूस गोंधळतो. यावर दोन उपाय. शब्दाच्या मध्ये चूक दिसली तर आत शिरून दुरुस्त करू नका, आख्खा शब्द खोडून पुन्हा लिहा. जीबोर्डवर (गूगलचा कीबोर्ड) खोडायच्या बटणावर बोट ठेवून डावीकडे सरकवलं की शब्द निवडले जातात आणि बोट उचललं की पुसले जातात. दुसरं, कर्सर हलवायचा असेल तर मजकुरावर बोट टेकवत बसू नका. स्पेसबारवर बोट ठेवून डावी-उजवीकडे सरकवा, कर्सर तसा सरकतो. वर्गात हे दाखवलं की दर वेळी दोघं-तिघं तरी म्हणतात, हे आधी का नाही कोणी सांगितलं.

आणि प्रत्येक चूक तिथल्या तिथे सुधारायची सवय सोडा. परीक्षेत चुकीला गुण कापतात, म्हणून तुमच्या मनात चुकीची धास्ती बसलीय. व्हॉट्सॲपवर वाक्य पुरं करा, मग एकदा वाचा, एकदम सुधारा, पाठवा. पाठवल्यावर दिसली तरी १५ मिनिटांच्या आत मेसेज बदलता येतो. अपवाद एकच: आकडे. दर, डझन, गाठी, खातं नंबर. ते पाठवण्याआधी तपासायचेच, तिथे वेगाचा मोह नको.

आता मांडणीकडे. मोबाईलवर मराठी लिहायचे मुख्य रस्ते तीन. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणं, थेट देवनागरी कीबोर्ड, आणि इंग्रजी लिपीतच मराठी लिहून मोकळं होणं. भाचा तिसऱ्या रस्त्याने जात असेल, पैज लावते.

इंग्रजी अक्षरांतून मराठी हा रस्ता सुरू करायला सगळ्यांत सोपा, कारण क्वर्टी, म्हणजे इंग्रजी कीबोर्डची नेहमीची मांडणी, सगळ्यांना ठाऊक असते. जोडाक्षरं त्यात सुटसुटीत होतात. ‘स्त्री’च्या सहा खुणांऐवजी चार-पाच इंग्रजी अक्षरांत काम भागतं. पण इंग्रजी अक्षरं आपल्या सगळ्या उच्चारांना पुरत नाहीत. ल आणि ळ एकाच बटणावर, न आणि ण एकाच बटणावर, त-ट, द-ड तसेच, ऱ्हस्व-दीर्घ तर विचारूच नका. मग कीबोर्ड अंदाज बांधतो. घरगुती गप्पांत अंदाज चुकला तर हसून सोडता येतं. तुमच्या धंद्यात ‘माल पाठवला’चं ‘माळ पाठवला’ होतं, ‘दर कळवा’चं ‘दार कळवा’ होतं. दर वेळी वरच्या पट्टीत नजर ठेवावी लागते, आणि तिथे पुन्हा तेच: वाचा, निवडा, दाबा. सुरुवात झटपट, पण पुढे एका मर्यादेला जाऊन वेग अडतो.

थेट देवनागरी कीबोर्डवर जे दाबाल तेच उमटतं. सुरुवातीला अक्षरं शोधण्यात वेळ जातो, बटणं बारीक वाटतात. पण तुम्हाला मराठी वर्णांचा विचार करत लिहायची सवय आधीच आहे. नवं शिकायचं ते फक्त जागा आणि क्रम. म्हणून तुम्हाला मी हाच सुचवीन. यातही दोन प्रकार दिसतील. एक वर्णमालेच्या ओळींसारखा मांडलेला, त्यात अक्षर चटकन सापडतं. दुसरा इनस्क्रिप्ट, सरकारने १९८० च्या दशकात भारतीय भाषांसाठी ठरवलेली मांडणी. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या बाजूला, बहुतेक व्यंजनं उजव्या बाजूला. दोन अंगठ्यांनी लिहिताना ही वाटणी फार सोयीची, कारण व्यंजन उजव्या अंगठ्याने आणि मात्रा डाव्याने, असं आलटून-पालटून होतं; एक अंगठा दाबत असताना दुसरा पुढच्या बटणाकडे निघालेला असतो. पण ख, घ, ध, भ अशा अक्षरांसाठी शिफ्ट दाबावं लागतं आणि मोबाईलच्या छोट्या पडद्यावर ते कंटाळवाणं होतं. संगणकावर इनस्क्रिप्ट येत असेल तरच मोबाईलवर घ्या. नाहीतर वर्णमालेचा बरा.

आयआयटी मुंबईत तयार झालेला स्वरचक्र हाही एक वेगळा प्रयत्न होता: व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं, हव्या त्या मात्रेकडे बोट सरकवायचं. पहिल्यांदाच मराठी लिहिणाऱ्याला ते चटकन समजतं. तुम्हाला त्याची गरज नाही.

इंग्रजी लिपीतल्या मराठीबद्दल माझं मत कडक नाही. सुरतेच्या किंवा हैदराबादच्या व्यापाऱ्याला देवनागरी वाचायचा कंटाळा असेल तर खुशाल तसं लिहा. फक्त तेव्हा इंग्रजीची आपोआप दुरुस्ती बंद करा, नाहीतर तो कीबोर्ड तुमच्या प्रत्येक ‘आहे’चं भलतंच काहीतरी करून ठेवेल. आपोआप दुरुस्ती चालू ठेवण्याचा फायदा मी वर सांगितला तो ज्या भाषेत लिहिताय त्याच भाषेच्या कीबोर्डपुरतं.

महत्त्वाचं हे की एक रस्ता धरा. सकाळी देवनागरी, दुपारी इंग्रजी अक्षरांतून मराठी, मध्येच बोलून, असं केलं तर अंगठ्यांना कुठल्याच जागा पाठ होत नाहीत. महिनाभर तरी एकच.

अंगठ्यांबद्दल थोडं. एका हातात बिलबुक आणि दुसऱ्या हाताच्या एका अंगठ्याने टायपिंग, हे दुकानात सर्रास चालतं आणि वेग तिथेच संपतो. बिलबुक खाली ठेवा. फोन दोन्ही हातांच्या तळव्यांत, कोपरं गल्ल्याच्या टेबलावर टेकलेली, अंगठे मोकळे. फोन मोठा आणि हात लहान असेल तर कीबोर्डची उंची सेटिंगमधून कमी-जास्त करून बघा. आकड्यांची ओळ कायम वर दिसेल अशी सोय चालू करा. तुमच्या कामात दर मेसेजला आकडे आहेत, प्रत्येक वेळी आकड्यांच्या पानावर जाऊन परत येणं परवडणारं नाही. आकडे मराठी की इंग्रजी हेही एकदा ठरवून टाका आणि सगळीकडे तेच ठेवा.

बोट अगदी बटणाच्या मधोमध पडायला हवं असं नाही, हेही ध्यानात घ्या. अंगठा तिरका टेकतो, त्यामुळे स्पर्श आपल्याला वाटतो तिथेच नोंदला जात नाही. कीबोर्डला हे माहीत असतं. स्पर्श कुठे झाला आणि आधीच्या अक्षरांनंतर कुठलं अक्षर येण्याची शक्यता आहे, या दोन्हींवरून तो ठरवतो की तुम्हाला काय म्हणायचं होतं. म्हणून ओळखीच्या शब्दात थोडा नेम चुकला तरी चालतं आणि अनोळखी शब्दात चालत नाही. आपल्याकडचे अनोळखी शब्द भरपूर: वळसंग, मंद्रूप, कुंभारी, इंडी, अफझलपूर, शिवाय तेलुगू-कन्नड वळणाची आडनावं, गाळ्यांची आणि ट्रान्सपोर्टची नावं. ही नावं कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात एकदा हाताने भरून ठेवा. एक दुपार जाईल, पण ‘वळसंग’चं ‘वळण’ होणं थांबेल.

त्याच शब्दकोशात शॉर्टकटही ठेवता येतो. जीएसटी नंबर, दुकानाचा पत्ता, बँकेचं खातं यांना दोन-दोन अक्षरांची खूण द्या, खूण लिहिली की पूर्ण मजकूर वर सुचवला जातो. आयफोनवर हीच सोय टेक्स्ट रिप्लेसमेंट नावाने आहे. पण तुमच्यासाठी याहून मोठी सोय व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आहे: क्विक रिप्लाय. तिरपी रेघ देऊन छोटी खूण लिहायची, ठरलेला मेसेज येतो. असे ५० मेसेज साठवता येतात. तुमचे कालचे मेसेज काढून बघा. ‘माल ट्रान्सपोर्टला टाकला आहे, बिल्टी पाठवते’, ‘आजचे दर खालीलप्रमाणे’, ‘पेमेंट जमा झालं, धन्यवाद’, ‘हे डिझाईन सध्या शिल्लक नाही’. माझा अंदाज आहे की बरेचसे मेसेज असेच पुन्हा पुन्हा लिहिलेले निघतील. ते टाईप करण्याचा वेग वाढवण्यापेक्षा ते टाईपच न करणं बरं.

आणि मला सगळ्यांत आश्चर्य याचं वाटतं की ४० चा हात असलेली मुलगी दिवसभर गल्ल्यावर बसून मोबाईलवर झगडते, आणि बाजूला बिलांचा संगणक असतो. व्हॉट्सॲप वेब लावा. संगणकाच्या पडद्यावरचा कोड मोबाईलने स्कॅन करा, ऑर्डरी पडद्यावर येतील, तुमची दहा बोटं तुमच्या रेमिंग्टनवर चालू द्या. फक्त तिथे युनिकोडचा रेमिंग्टन कीबोर्ड टाकून घ्यावा लागेल. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहून चिकटवलंत तर समोरच्याला अगम्य चिन्हांची रांग दिसते. मोबाईलवर कितीही सराव केलात तरी दहा बोटांची बरोबरी दोन अंगठे करतील अशी आशा मी देणार नाही. मोबाईलचा सराव बाजारात, बसमध्ये, गोदामात असतानाच्या मेसेजांसाठी.

बोलून लिहिण्याचंही विचारतात लोक. गूगलने मराठी आवाजाची सोय ऑगस्ट २०१७ मध्ये आणली आणि ती चांगली चालते. शांत खोलीत, लांब मेसेजला, जरूर वापरा. यंत्रमागाच्या खडखडाटात मात्र ते भलतंच ऐकतं. ‘साडेतीनशे’, ‘सव्वाशे’, ‘अडीच डझन’ असले आपले आकडे बोललात की ते कसे उमटले हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पाठवू नका. शिवाय गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना दुसऱ्याचा दर मोठ्याने बोलणं धंद्याला बरं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. बोट न उचलता अक्षरांवरून ओढत जायची ग्लाइड पद्धत इंग्रजीला छान, मराठीच्या जोडाक्षरांना आणि विभक्तींना मला ती जमवून घेण्यासारखी वाटत नाही.

आता ॲप. फोनमध्ये आलेला जीबोर्ड किंवा मायक्रोसॉफ्टचा स्विफ्टकी, दोन्हींत मराठी आहे, दोन्ही पुरेसे आहेत. ‘सुपरफास्ट मराठी कीबोर्ड’, फुलांच्या थीम, नाचणारे इमोजी, असलं काही उतरवू नका. कीबोर्ड ॲपला तुम्ही लिहिता ते सगळं दिसू शकतं: मेसेज, खातं नंबर, पासवर्ड. चालू करताना फोन स्वतःच तशी सूचना देतो आणि आपण न वाचता ‘ओके’ दाबतो. मालकाच्या खात्याचे व्यवहार ज्या फोनवर होतात त्या फोनवर कोण बनवलंय हेच ठाऊक नसलेला कीबोर्ड नको.

काही किरकोळ गोष्टी, ज्या किरकोळ नसतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि बोटं घामेजतात. मोबाईलचा पडदा बोटातल्या विद्युतभाराचा बदल ओळखतो. घामाचा थेंब पडला की तो चुकीच्या जागी स्पर्श धरतो किंवा धरतच नाही. गल्ल्यापाशी सुती रुमाल ठेवा, दुकानात टॉवेलला काही तोटा नाही. टॉवेलची लव पडद्यावर बसते, तीही दिवसातून दोनदा पुसा. जाड, कडेला हवा धरलेली काच लावली असेल तर बदला. काही फोनमध्ये काचेसाठी स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सोय असते, ती चालू करा. आणि फोन गच्च भरला असेल, ‘शुभ सकाळ’चे फोटो अन् व्हिडिओ साठले असतील, तर कीबोर्ड उशिरा उमटतो आणि दोष आपण बोटांना देतो. आधी फोन रिकामा करा.

सरावासाठी वर्तमानपत्रातले उतारे घेऊ नका. तुम्हाला संपादकीय लिहायचं नाहीये. कालच्या चॅटमधले तुमचे स्वतःचे पाच-सहा मेसेज घ्या, घड्याळ लावा, पुन्हा लिहा. रोज तेच. आठवड्याने नवे घ्या. लिहिताना वेळ किती लागला याच्या बरोबरीने कुठल्या शब्दापाशी थांबलात ते कागदावर टिपा. पाच शब्दांची यादी निघेल, त्यातले तीन बहुधा रफाराचे असतील; दुसऱ्या दिवशी फक्त ते लिहा. असा महिना गेला की बटणाकडे बघणं कमी झालेलं जाणवेल. पूर्णपणे न बघता लिहायचा हट्ट मोबाईलवर धरू नका. सपाट काचेवर बोटाला उंचवटा लागत नाही, नजर लागणारच.

अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटाच्या त्या बाजूला दुखायला लागलं तर सराव थांबवा. ‘दुखतंय म्हणजे तयार होतंय’ असलं काही नसतं. चार दिवस अंगठ्याला विश्रांती, मेसेज संगणकावरून, आणि तरी राहिलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.